न वापरलेलं सामान

माझा भाचा शिकायला म्हणून सिडनीला आला आणि त्याच्या पहिल्याच लांब सुट्टीत त्याला ब्लू माउंटन्सला न्यायचं ठरलं. आदल्या रात्री नेहमीप्रमाणे मी हॉलमध्ये जुनी चादर अंथरून सगळं सामान मांडून बसले होते. एकेक वस्तू हातात घ्यायची, उघडून बघायची, मगच सॅकमध्ये टाकायची, ही माझी पद्धत. तो सोफ्यावर मांडी घालून बघत होता. थोड्या वेळाने खाली येऊन बसला. क्रेप बँडेजची एक गुंडाळी उचलली, दुसरी उचलली, चंदेरी ब्लँकेटची घडी तळहातावर तोलून पाहिली आणि म्हणाला, "मावशी, यातलं तू खरोखर वापरतेस काय?" मी म्हटलं, पाणी, खाणं, टोपी, रेन जॅकेट. कधी कधी हेडटॉर्च. "आणि बाकीचं?" बाकीचं जसंच्या तसं घरी परत येतं. "मग नेतेस कशाला? एका दिवसाचं तर चालायचंय." प्रश्नात खोच नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं. मी काहीतरी थातुरमातुर बोलून सॅकची चेन ओढली. तो पुढे काही बोलला नाही. मी मात्र बराच वेळ त्या चादरीपाशी बसून राहिले, कारण इतकी वर्षं हे ओझं पाठीवर घेऊन फिरताना मला स्वतःलाही हा प्रश्न कुणी सरळ विचारला नव्हता.

त्याचं म्हणणं समजण्यासारखं होतं. तो आणि मी एकाच मातीतले. सह्याद्रीत फिरायला जाताना आमच्या सॅकमध्ये असायचं तरी काय? पाण्याची बाटली, डबा, एखादी चादर, टॉर्च. त्यावर आम्ही किल्ले हिंडलो आणि सुखरूप परत आलो, कारण सॅकमध्ये जे नव्हतं ते डोंगरात होतं. पायथ्याला वाडी होती. वाट चुकली तर गुरं राखणारा पोरगा लांबूनच ओरडून सांगायचा, "तिकडं नको, खाली कडा हाय." उन्हाने जीव घाबरा झाला तर धनगराच्या झापात घोंगडीवर टेकायला मिळायचं. गडावर कातळात खोदलेली टाकी होती, रात्र काढायला देऊळ होतं. माणसांच्या भरवशावर आम्ही हलके फिरत होतो आणि तो भरवसा इतका अंगवळणी पडला होता की त्याचीही गणती सामानात करायला हवी, हे तेव्हा सुचलंच नाही.

इथे ब्लॅकहीथला गोव्हेट्स लीपच्या कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं की ग्रोस नदीचं खोरं दिसतं. पिवळट तांबूस वालुकाश्माचे सरळसोट कडे आणि त्यांच्या पायाशी निलगिरीच्या जातीच्या झाडांचं न संपणारं रान. नजर पोहोचेल तिथवर एक छप्पर नाही, शेताचा एक तुकडा नाही, कुठे धूर नाही, आणि दिसलाच तर तो बघून आनंद व्हावा असा धूर नसतो. ही भूमी निर्मनुष्य कधीच नव्हती. दारुग आणि गुंडुंगुरा लोकांचा हा मुलूख. पाणी कुठे, आडोसा कुठे, कोणत्या ऋतूत काय खायचं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. मला त्यातलं काहीच माहीत नाही. म्हणून वाडीतल्या म्हातारीचं, गुराख्याचं, टाक्यातल्या पाण्याचं जे काम तिकडे आपोआप व्हायचं, ते इथे मला पाठीवर घेऊन जावं लागतं.

आणखी एक गोष्ट या डोंगरांनी मला शिकवली, ती म्हणजे इथलं चालणं उलटं असतं. आपल्याकडे आधी चढायचं आणि मग उतरायचं. दम लागला, ऊन वाढलं, तर अर्ध्या वाटेवरून मागे फिरता येतं. उताराला पाय आपसूक पडतात. ब्लू माउंटन्समध्ये गाव वर, पठारावर. ब्लॅकहीथ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडं अधिक उंचीवर आहे, स्टेशनही तिथेच, गाडीही तिथेच लागते. चालणं सुरू होतं ते दरीत उतरण्याने. सकाळची हवा गार असते, पायांत उमेद असते, कड्याला खोदलेल्या पायऱ्या झरझर संपतात, लायरबर्ड दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करत असतो. खाली पोहोचल्यावर वाटतं, किती सोपं होतं. पेरीज लुकडाउनसारख्या वाटेने उतरलात तर सहाशे मीटरच्या वर उंची तुम्ही तासा-दीड तासात सोडून दिलेली असते. ती सगळी परत कमवायची असते दुपारी, थकलेल्या गुडघ्यांनी, तापलेल्या दगडावरून, आणि बाटलीत जे काही उरलं असेल तेवढ्यावर. म्हणून खाली उतरताना निम्म्याहून जास्त पाणी मी हात न लावता ठेवते. तहान लागली तरी.

पाण्याचं वजन ठरलेलं आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. त्यातून पळवाट नाही. नव्या माणसाला सॅक जड वाटली की तो आधी पाणीच काढतो, कारण तेच सगळ्यात जड लागतं. डिसेंबर २००६मध्ये एक सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा दोन मित्रांबरोबर कटुंबाहून माउंट सॉलिटरीच्या बाजूला चालायला गेला होता. उन्हाळा होता. जवळचं पाणी संपलं, मित्रांची ताटातूट झाली. त्याने ट्रिपल झिरोला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन केले, पुन्हा पुन्हा केले, आणि पलीकडून त्याला रस्त्याचं नाव विचारलं गेलं. रानातल्या वाटेला कुठला रस्ता आणि कुठलं नाव? बऱ्याच दिवसांच्या शोधानंतर तो सापडला, पण जिवंत नाही. त्या प्रकरणाची कोरोनरसमोर, म्हणजे अपमृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, चौकशी झाली, आपत्कालीन फोन घेण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले गेले. आता फोनवर इमर्जन्सी प्लस नावाचं ॲप मिळतं, ते तुमचे अक्षांश-रेखांश पडद्यावर दाखवतं, फोन उचलणाऱ्याला ते वाचून दाखवता येतात. मी भाच्याच्या फोनवर आधी ते टाकून घेतलं. त्या मुलाचं वय सांगितलं नाही. भाचा त्याच्याहून फार मोठा नव्हता.

उन्हाळ्यात दिवसभरासाठी माझं माप माणशी तीन लिटर. वाटेत ओढा आहे असं नकाशा सांगतो तेव्हाही. नकाशावरची निळी रेघ कोरड्या वर्षी फक्त दगडगोट्यांची असू शकते. आणि वाहता ओढा मिळालाच तरी पठारावरची गावं त्याच्या उगमाकडे आहेत, हे विसरायचं नाही. वरचं सांडपाणी, कुत्र्यांची घाण, सगळं पावसाबरोबर खाली येतं. क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी वजनाला काहीच नसते. गोळी टाकून अर्धा तास थांबायचं, नाहीतर पाण्याला खळखळून उकळी आणायची. ती पट्टी बहुतेक वेळा परत येते.

नकाशा आणि होकायंत्र बघून भाचा म्हणाला, "फोन आहे की." फोन आहेच. मीही फोनवरच बघते, नकाशा आधी उतरवून घेतलेला असतो. पण दरीत रेंज नसली की फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो, म्हणून तो एअरप्लेन मोडवर टाकायचा. आणि फोन दगडावर पडला तर काय, याचं उत्तर कागदच देतो. होकायंत्राची एक गोष्ट मात्र मला इथे आल्यावर नव्याने शिकावी लागली. महाराष्ट्रात होकायंत्राची सुई जवळपास खऱ्या उत्तरेलाच उभी राहते, त्यामुळे नकाशातली उत्तर आणि सुईची उत्तर यांत फरक असतो, हे आपल्याला कुणी शिकवत नाही आणि न शिकवल्याने फारसं बिघडतही नाही. सिडनीच्या भागात सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला बारा-तेरा अंश सरकलेली असते. ती तशीच खरी मानून सरळ एक किलोमीटर चाललं तर माणूस दोनशे मीटरहून अधिक बाजूला जातो. कड्यांच्या मुलखात दोनशे मीटर म्हणजे दुसरीच घळ. आणि सूर्य! दुपारी तो इथे उत्तरेला असतो. जन्मभर दक्षिणेकडे कललेला सूर्य बघत वाढलेलं शरीर न विचारताच सावलीवरून दिशा ठरवतं, आणि ती नेमकी उलटी ठरवतं. हे सांगितल्यावर भाच्याने पहिल्यांदा होकायंत्र नीट हातात धरलं आणि हॉलमध्येच गोल फिरून बघितलं.

मग बँडेज.

पहिल्यांदा त्याने उचललं होतं ते हेच, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. दहा सेंटिमीटर रुंदीच्या, चांगल्या ताणल्या जाणाऱ्या दोन पट्ट्या. माझ्याकडच्यांवर छोटे आयत छापलेले आहेत. पट्टी ओढली की आयत हळूहळू रुंदावतात आणि चौरस झाला की ताण बरोबर. म्हणजे घाबरलेल्या माणसाच्या हातांना अंदाज करत बसायला लागत नाही, डोळ्यांनी दिसतं. इथला साप चावला, ईस्टर्न ब्राउन असो की टायगर, तर विष मुख्यतः लसीकेच्या, म्हणजे लिम्फच्या, वाटेने अंगभर पसरतं. ती वाट मंद करायची असेल तर सबंध हात किंवा पाय घट्ट गुंडाळायचा, काठीचा आधार बांधून तो हलू द्यायचा नाही, आणि चावलेल्या माणसाने एक पाऊलही चालायचं नाही. जखम धुवायची नाही. कातडीवर राहिलेल्या विषाचा हॉस्पिटलात उपयोग होतो. चावल्याच्या जागेची पट्टीवर पेनाने खूण करायची. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये स्ट्रुअन सदरलंड यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत बसवली आणि आता इथल्या प्रथमोपचाराच्या प्रत्येक वर्गात ती शिकवतात. सिडनीच्या परिसरातला फनेल-वेब कोळी चावला तरी हेच करायचं. त्याच्यावरचं प्रतिविष १९८१पासून वापरात आलं आणि तेव्हापासून त्या कोळ्याने कुणी दगावल्याची नोंद नाही. पण प्रतिविष हॉस्पिटलात असतं आणि मी दरीत असते. मधले तास या दोन पट्ट्यांनी काढायचे आहेत.

भाच्याला माहीत होतं ते दोरी करकचून बांधण्याचं, ब्लेडने चीर देण्याचं. गावाकडे ऐकलेलं. त्याला म्हटलं, ते तिकडेही करायचं नाही आणि इकडेही नाही. आणि हे बँडेजचं इथे शिकलास म्हणून उद्या सह्याद्रीत घोणस किंवा फुरसं चावल्यावर वापरू नकोस, कारण जागेवरच मांस सडवणाऱ्या विषाला हा उपाय सांगत नाहीत. प्रत्येक रानाचं सामान वेगळं असतं ते असं. मग मी पाय पुढे केला आणि त्याच्याकडून बोटांपासून मांडीपर्यंत पट्टी बांधून घेतली. पहिल्या खेपेला सैल झाली. सोडली, परत बांधली. बोटांपासून सुरुवात करून वर जाताना गुडघ्याशी पट्टी कशी वळवायची, शेवट कुठे खोचायचा, हे हातांना एकदा कळावं लागतं. वाचून नाही कळत. तिसऱ्या वेळी चौरस चौरसासारखे दिसले. पट्टीखाली माझ्या पायाची नाडी ठोके देताना जाणवत होती आणि तो बोटांची नखं दाबून परत गुलाबी होतात का बघत होता, गप्प, अगदी मन लावून. त्याच्या प्रश्नाचं थोडं उत्तर तिथे मिळालं असावं. मलाही.

कारण विचार करत गेले तसं लक्षात आलं की लोक ज्या सॅकला गंभीरपणे घेतात ती मुक्कामाची सॅक. तिच्या याद्या होतात, ती दुकानात जाऊन खरेदी होते, तिच्यावर चर्चा झडतात. आणि एका दिवसाच्या चालण्याला माणसं हातात अर्धी बाटली घेऊन निघतात. हे मला उलटं वाटतं. मुक्कामाला निघालेल्या माणसाकडे झोपायला आहे, पांघरायला आहे, उद्याचं खाणं आहे. त्याचा पाय मुरगळला तर तो आहे तिथे तंबू लावेल. दिवसभरासाठी निघालेल्याचा पाय मुरगळला तर त्याला रात्र काढायची आहे आणि रात्रीचं त्याच्याजवळ काहीच नाही. उघड्यावर अडकून रात्र काढावी लागणाऱ्यांत न ठरवता अडकलेलेच असणार; ठरवून आलेले तर झोपलेले असतात. जूनमध्ये सिडनीत पाचच्या आसपास सूर्य मावळतो, आणि उंच कड्यांच्या तळाशी त्याच्या कितीतरी आधीच उजेड उतरतो. पठारावर त्या दिवसांत काही रात्री पारा शून्याच्या खाली जातो. घामाने ओला सुती टीशर्ट अशा वेळी अंगाची ऊब ओढून घेतो. तेव्हा साठ-सत्तर ग्रॅमचं ते चंदेरी ब्लँकेट, एक कोरडा लोकरी थर, डोक्याला कानटोपी, लायटर, हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल, शिट्टी. एवढं सगळं दोन्ही ओंजळींत मावतं. शिट्टी तीनदा वाजवायची, थांबायचं, परत तीनदा. ओरडून घसा तासाभरात बसतो, फुंकर पहाटेपर्यंत टिकते.

म्हणून माझ्या दिवसाच्या सॅकमध्ये एका न ठरवलेल्या रात्रीची सोय असते. आरामाची नाही, सकाळ बघण्यापुरती.

मुक्कामाची सॅक भरणं हे वेगळंच काम आहे आणि ते मला मनापासून आवडतं. त्यात भीतीपेक्षा हौस जास्त असते. तरी तिथेही काही गोष्टी अनुभवानेच कळतात. नवीन माणूस स्लीपिंग बॅगवर पैसे घालतो आणि मॅट मिळेल ती घेतो. पण अंगाखाली बॅगेतली पिसं दबून जातात, दबली की त्यांची ऊब संपते, आणि रात्रभर थंडी येते ती खालून, जमिनीतून. मॅटवर आर-व्हॅल्यूचा आकडा असतो. तो जितका मोठा तितकी जमीन दूर. स्लीपिंग बॅगेवर तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट आणि लिमिट. प्रमाणपद्धतीत कम्फर्टचा आकडा बाईच्या शरीराच्या हिशेबाने धरलेला आहे आणि लिमिटचा पुरुषाच्या. दुकानात मोठ्या अक्षरांत बऱ्याचदा लिमिटचा आकडा झळकत असतो. थंडीने कुडकुडत रात्र काढलेल्या कितीतरी मैत्रिणी मला म्हणाल्या आहेत की आपल्यालाच सोसत नाही बहुतेक. सोसण्याचा संबंध नाही, त्यांनी दुसऱ्याच शरीराचा आकडा बघून बॅग घेतली होती. हे मी भेटेल त्या प्रत्येकीला सांगते.

सॅकचं रेनकव्हर कितीही चांगलं असलं तरी पाठीच्या बाजूने पाणी शिरतं. आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी लावून त्यात झोपायचं सामान आणि रात्रीचे कपडे, तोंड पिळून आत दुमडलेलं. जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यावर. रात्री लागणारं तळाशी, पावसात लागणारं सगळ्यात वर. स्वयंपाकाला गॅसची छोटी शेगडी, कारण ग्रोसच्या खोऱ्यात लाकडं पेटवायला बंदी आहे. उन्हाळ्यात टोटल फायर बॅन लागला की रानात शेगडीसुद्धा पेटवायची नसते, तेव्हा थंड खाता येईल असं एका दिवसाचं खाणं वेगळं लागतंच. आणि आगीचा धोका फारच वरचा असेल तर वाटाच बंद करतात. २०१९-२०च्या उन्हाळ्यात हे खोरंही जळालं. काळ्या बुंध्यांतून थेट फुटलेली कोवळी पालवी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या नियमांची कटकट वाटत नाही. आणि एक छोटं फावडं. त्याबद्दल बोलायला लोक लाजतात, पण संडास नसलेल्या ठिकाणी पाण्यापासून शंभर मीटर दूर, पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा करून तो बुजवणं हा रानात राहण्याचा पहिला शिष्टाचार आहे. बुटांचे तळवे घरूनच घासून स्वच्छ करून निघायचं, हाही तसाच. मातीतून फायटॉफ्थोरा नावाचा मुळं कुजवणारा रोग एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातो आणि त्याला वाहून नेणारे आपणच असतो.

सॅक हलकी असावी हे मलाही पटतं. हलकेपणाचं वेड आजचं नाही. पॅडी पॅलिन यांची नोकरी मंदीत गेली तेव्हा १९३०मध्ये त्यांनी सिडनीत राहत्या घरी चालणाऱ्यांसाठी हलक्या सॅक आणि स्लीपिंग बॅगा शिवायला सुरुवात केली, कारण मिळणारं सामान खांदे मोडणारं होतं. त्याच काळातल्या चालणाऱ्या मंडळींनी ग्रोसच्या तळाशी ब्लू गमच्या उंच झाडांचं रान तोडलं जाणार असं कळल्यावर १३० पौंड उभे करून त्या रानाचा भाडेपट्टा विकत घेतला. मंदीच्या दिवसांत! आज अकेशिया फ्लॅटला तंबू लावला की सकाळी चहाचा पेला हातात घेऊन त्या झाडांत जाता येतं. राखाडी-निळे, गुळगुळीत बुंधे, तळहात टेकवला तर दगडासारखे गार, पायाशी सालीच्या लांब चिंध्या पडलेल्या, आणि वर बघता बघता मान दुखायला लागते. हलकी सॅक असेल तर माणूस इथवर ताजा पोहोचतो, बघायला डोळे शिल्लक राहतात. म्हणून मी टूथब्रशपासून भांड्यापर्यंत सगळ्याचं वजन करते, जादा कपडे निर्दयपणे काढते, पुस्तक नेत नाही. मात्र ग्रॅमचा हिशेब करणारे जेव्हा बँडेज आणि ब्लँकेट काढून "कधीच लागलं नाही" म्हणतात तेव्हा मला गप्प बसवत नाही. न लागणं हा त्या वस्तूंचा दोष कसा? चांगल्या दिवसांचा पुरावा देऊन वाईट दिवसाची तयारी काढून टाकायची, हे गणित मला मान्य नाही. आणि त्या पट्ट्या फक्त माझ्यासाठी नसतात. वाटेत दगडावर बसलेलं कुणी भेटेल, त्याच्याकडे अर्धी बाटली आणि फोन एवढंच असेल, तेव्हा सह्याद्रीतल्या त्या वाडीची जागा घ्यायची वेळ माझ्यावर येईल. इतकी वर्षं ज्यांच्याकडून घेतलं, त्यांना ते परत देता येण्याची तेवढीच एक वाट मला इथे दिसते.

राहिला तो पिवळा डबा. पीएलबी, म्हणजे संकटात आपली जागा कळवणारं यंत्र. मुठीत मावेल एवढा, आत गुंडाळलेली अँटेना, झाकणाखाली बटण. बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकेत जातो, आणि किमान चोवीस तास जात राहतो. आकाश मोकळं दिसेल अशा जागी तो ठेवायला हवा, कड्याच्या पोटात नव्हे. जिवाशी गाठ असेल तेव्हाच दाबायचा. विकत घ्यायचा तर काहीशे डॉलर जातात, पण ब्लू माउंटन्समध्ये चालणाऱ्यांना पोलीस आणि नॅशनल पार्कवाले तो काही दिवसांसाठी फुकट देतात, फक्त कुठे जाणार ते लिहून द्यायचं. तरीही कितीजण न घेताच जातात. स्वतःचा असेल तर तो सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदवावा लागतो, नोंदणी फुकट असते. त्या अर्जात एक रकाना आहे, संकटात कुणाला कळवायचं त्यांची नावं.

परक्या देशात राहणाऱ्याला तो रकाना भरताना थांबायला होतं. आयुष्यभर अशा रकान्यात हात आपोआप आईचं नाव लिहीत आला. पण संकेत मिळाल्यावर बचाव केंद्रातून पहिला फोन या माणसाला जातो: ती खरंच रानात गेली आहे का, कुठल्या वाटेने, सोबत कोण, तब्येत कशी. पुण्यात साडेचार-साडेपाच तास मागे असलेल्या घरात तो फोन वाजला तर आई काय सांगणार? तिला ग्रोस ठाऊक नाही, ट्रॅकचं नाव ठाऊक नाही, आणि त्या फोननंतरची तिची रात्र मला कल्पनेतही बघवत नाही. भाच्याने आपल्या अर्जासाठी विचारलं, "आईचं लिहू ना?" मी नको म्हटलं. माझं लिही, आणि मी सोबत असेन तेव्हासाठी दुसरं नाव शेजारच्या मार्गारेटचं.

मार्गारेट पंचाहत्तरीच्या पुढची. गुडघे गेल्यापासून ती दरीत उतरत नाही, पण एकेकाळी सगळी खोरी तिने पायांखाली घातली आहेत. निघण्यापूर्वी मी तिला कागद नेऊन देते: कुठून उतरणार, कुठून चढणार, गाडीचा नंबर, सॅकचे रंग, परत यायची वेळ. ती तो चष्मा लावून पूर्ण वाचते, फ्रिजला लावते आणि दर वेळी काहीतरी विचारतेच. त्या रात्री भाच्याला मुद्दाम सोबत घेऊन गेले. तिने त्याला आपादमस्तक बघितलं, बूट बघितले, पाणी किती नेतोस विचारलं. मग मला म्हणाली, पोलिसांना फोन किती वाजता करायचा? मी म्हटलं, सहाला वर येऊ, नऊपर्यंत कळवलं नाही तर कर. तिने कागदावरचा नऊ खोडला आणि आठ लिहिलं.